आजच्यापुरते मागणे

दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जाणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे रांगेकडे पाहून सांगता येत नाही. १९४८ पासून तिथे बुधवारची नोव्हेना चालत आली आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांतून प्रार्थना होतात आणि रेल्वे स्टेशनपासूनच माणसांची रीघ लागते. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, घरे, तान्ह्या बाळांच्या आकृती विकायला असतात. ज्याचे जे दुखते, ज्याला जे हवे, ते तो मेणात विकत घेऊन आत नेतो. लोक चिठ्ठ्याही लिहितात, काही मागणीच्या, काही आभाराच्या, आणि त्यांतल्या काही प्रार्थनेत वाचून दाखवल्या जातात. नोकरी, लग्न, घर, आजारपण, परीक्षा असे या शहराचे सगळे प्रश्न त्यांत येतात. मुंबईकर प्रार्थनेबद्दल वाद घालतो तो बहुधा या चिठ्ठ्यांवरून. श्रद्धावान आभाराच्या चिठ्ठीकडे बोट दाखवतो. संशयी विचारतो, ज्यांचे मागणे पुरे झाले नाही त्यांच्या चिठ्ठ्या कोण वाचतो? प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी भांडतात. रोजच्या साध्या ख्रिस्ती प्रार्थनेने माणसाला जो दिलासा मिळतो तो मागणे पुरे होण्यावर उभा नाही, आणि म्हणूनच तो टिकतो. तो कशावर उभा आहे हे नीट पाहिले, तर अशा प्रार्थनेची टिंगल करणारे आणि तिचा बाजार मांडणारे, दोघेही तिच्यावर अन्याय करतात हे लक्षात येते.

ही प्रार्थना आहे तरी किती लहान! मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो, पण त्याआधी त्यांना दोन गोष्टींपासून सावध करतो. लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करू नका, आत जाऊन दार लावून घ्या. आणि शब्दांचा मारा करू नका, कारण तुमची गरज देवाला आधीच ठाऊक आहे. त्यानंतर जी प्रभूची प्रार्थना येते ती सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. तिच्यात धन मागितलेले नाही, दीर्घायुष्य मागितलेले नाही, वैऱ्याचा नाश तर नाहीच. भाकर मागितली आहे, तीही आजच्यापुरती. क्षमा मागितली आहे, पण आपण दुसऱ्याला केलेल्या क्षमेशी ती बांधून टाकली आहे. गिरगाव, माझगाव, दादरच्या कॅथलिक घरांत ही प्रार्थना संध्याकाळच्या जपमाळेत पुन्हा पुन्हा येते. भायखळा-परळकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरांत बायबलमधला एक उतारा, ‘उपासना संगीता’तले एखादे गीत आणि थोरल्या माणसाची प्रार्थना झाली की शेवटी सगळे मिळून ती म्हणतात. जुन्या चाळीत नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असे, तशी तिची वेळ ठरलेली असते आणि घरातला दिवस तिच्याभोवती बसवलेला असतो. तिच्यासाठी धर्मशास्त्र यावे लागत नाही. त्रैक्याचा अर्थ कधीच न उलगडलेली आजी ती म्हणते आणि नुकतेच शाळेत जाऊ लागलेले नातवंडही म्हणते.

आता पहिला आक्षेप, आणि तो शास्त्राच्या बाजूचा आहे. प्रार्थनेने खरोखर काही घडते का? याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्म आणि विज्ञान यांच्या संवादात रस असलेल्या टेम्पल्टन फाउंडेशनचा पैसा त्यात होता, म्हणजे अभ्यास मुळातच प्रार्थनेच्या विरोधात होता असे म्हणायला जागा नाही. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते अशांच्या दोन गटांपैकी एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. गुंतागुंत झालेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ सारखेच. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्या तिसऱ्या गटाला निश्चित सांगितले होते, त्यात हे प्रमाण उलट ५९ टक्के होते. श्रद्धावानांनी हा निकाल दडपू नये आणि त्यातून पळवाटाही काढू नयेत. परक्या माणसांच्या यादीतले नाव वाचून केलेली प्रार्थना हे औषध नाही, हे त्यातून दिसते. मात्र मत्तयाच्या त्या सहाव्या अध्यायातही प्रार्थनेला औषध म्हटलेले नाही. देवाला गरज आधीच ठाऊक आहे असे जिथे सांगितले आहे, तिथे प्रार्थनेचे काम देवाला बातमी पोचवणे हे असूच शकत नाही.

म्हणूनच चमत्काराच्या नावाने चाललेल्या गोष्टींचा बचाव करण्याची साध्या श्रद्धेला गरज नाही. २०१२ मध्ये विलेपार्ले भागातल्या इर्ल्याच्या एका क्रूसावरून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी तिथे जाऊन पाहिले आणि भिंतीमागच्या तुंबलेल्या निचऱ्याचे पाणी केशाकर्षणाने वर चढत असल्याचे सांगितले. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. मला वाटते, तिथे ख्रिस्ती समाजाने त्यांचे आभार मानायला हवे होते. गटाराच्या पाण्याला तीर्थ समजून पिण्यापासून त्यांनी लोकांना वाचवले, हे तर खरेच. पण श्रद्धेलाही त्यांनी एका खोट्या आधारापासून वाचवले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच समजावून सांगितले की त्यांचा लढा देव-धर्माशी नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. व्यासपीठावरून कर्करोग बरा करून दाखवणारा उपदेशक या कायद्याला भिईल, पण जपमाळ ओढणाऱ्या म्हातारीला भ्यायचे काहीच कारण नाही.

मग दिलासा येतो कुठून? थोडे उत्तर शरीरात आहे. इटलीतले संशोधक लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. लॅटिनमधली मरियेची प्रार्थना जपमाळेच्या पद्धतीने म्हटली, किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’चा जप केला, तर श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचा मेळ सुधारतो, असे त्यांना दिसले. हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी २०१८ मध्ये पाच हजारांहून अधिक मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याची उपासना किंवा रोजची प्रार्थना-ध्यानधारणा करत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे तरुणपणी समाधान जास्त आणि उदासीची लक्षणे कमी आढळली. ही मुले अमेरिकेतल्या परिचारिकांची होती, त्यामुळे त्यावरून लालबागच्या मुलांबद्दल थेट काही बोलता येणार नाही. शिवाय जप बौद्ध असो की ख्रिस्ती, श्वास सारखाच संथ होतो. त्यामुळे हा पुरावा ख्रिस्ती धर्माचा नाहीच, तो फक्त ठरल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत थांबण्याच्या सवयीचा आहे. तो इतकेच सांगतो की ही सवय निरर्थक नाही.

उरलेले उत्तर परळला सापडते. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल आणि शेजारचे केईएम, वाडिया या रुग्णालयांच्या परिसरात देशभरातून आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने राहतात. रिपोर्टची फाइल छातीशी धरून बसलेल्या माणसाला उपचार हवे असतात, पैसे हवे असतात, रात्री टेकायला जागा हवी असते. हे सगळे मिळाले तरी काहीतरी उरते. ‘हे माझ्याच वाट्याला का आले’ या प्रश्नावर कुठल्याही खिडकीवर केसपेपर निघत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले, तेव्हा हे त्यांना नेमके दिसले होते. मरणाच्या वाटेवरल्या माणसाच्या वेदनेत शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि आत्म्याचे दुखणे एकत्र असते, असे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिहार सेवेच्या व्याख्येतही आज आध्यात्मिक वेदनेचा उल्लेख आहे. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झाले ते टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने, आणि तिथली शुश्रूषा धर्मभगिनींनी सांभाळली. जिथे रोग बरा होण्याची आशा संपलेली आहे, तिथेही प्रार्थना चालते. तिथे ती चमत्कारावर उभी असती तर पहिल्याच आठवड्यात बंद पडली असती. माणूस ज्या दुःखाला स्वतःचे शब्द देऊ शकत नाही, त्याला तयार, ओळखीचे, आईबापांच्या तोंडून ऐकलेले शब्द मिळतात. आणि ते उच्चारताना तो एकटा नसतो. साध्या प्रार्थनेचा दिलासा तो हाच, असे मला वाटते.

यावर गिरणगावातून हमखास येणारा आक्षेप मोठा आहे: दिलासा मिळाला की माणूस गप्प बसतो. परळ-लालबागमध्ये लाल बावट्याची परंपरा आहे, १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, त्यामुळे इथे हा आक्षेप कुणी पुस्तकातून उचललेला नसतो. धर्म ही अफू आहे हे मार्क्सचे म्हणणे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या माणसाच्या सुस्काऱ्याचीही उपमा दिली आहे, हे फारसे सांगितले जात नाही. सुस्कारा बंद केल्याने पिचणे थांबत नाही. आणि गिरणगावाचा स्वतःचा इतिहास तरी काय सांगतो? एकाच चाळीत युनियनची बैठकही भरत होती आणि भजनी मंडळही बसत होते, बऱ्याचदा माणसेही तीच होती. गप्प बसवणारा धर्म असतो, हे मी नाकारत नाही. सोसणे हेच पुण्य असे बायकांना, दलितांना, गरिबांना शिकवणारे प्रवचन प्रत्येक धर्मात आहे, ख्रिस्ती धर्मातही आहे. पण प्रभूच्या प्रार्थनेत भाकर ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. शेजाऱ्याच्या ताटात ती नसेल तर म्हणणाऱ्याची प्रार्थना अर्धी राहते.

या आक्षेपाची खरी कसोटी मुंबईने १८९६ मध्ये घेतली. त्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांना आपल्या रुग्णांत ग्रंथिसन्निपाताची, म्हणजे प्लेगची, लक्षणे दिसली. पुढच्या काही महिन्यांत माणसे जथ्याजथ्याने शहर सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या जवळ होती, ती १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. या साथीच्या वर्षांत ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक, आणि इतर ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, वाडीच्या मध्यावर क्रूस उभारले. मुंबईतले सगळेच क्रूस प्लेगातले नाहीत, काही त्याहून पुष्कळ जुने आहेत, पण या साथीची आठवण अनेकांना चिकटलेली आहे. गिरगावच्या खोताच्या वाडीतले छोटे प्रार्थनास्थळ १८९९ चे, साथ ओसरल्याची कृतज्ञता म्हणून रहिवाशांनी बांधलेले. लाकडी जिने आणि सज्जे असलेल्या घरांच्या अरुंद गल्लीत ते उभे आहे. वाडीवाडीतल्या अशा क्रूसांना झेंडूची माळ घातलेली असते, पुढे मेणबत्ती किंवा पणती असते आणि मे महिन्यात तिथे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, म्हटले जाते. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे, पोरांनी ते हातात घेऊन पळायचे, हा त्याचाच भाग. माळ घालणारा हात नेहमी ख्रिस्तीच असतो असेही नाही.

त्या काळात हे क्रूस उभारणारे लोक हातावर हात ठेवून बसले होते काय? साथ ओळखणारे व्हिएगस हे स्वतः गोव्याहून आलेले ख्रिस्ती डॉक्टर होते. निदान मान्य करायला नाखूष असलेल्या शहराला त्यांनी प्लेगचे नाव घेऊन जागे केले. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, त्यावरून रोज हजारो माणसे न बघता जातात. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. हे हाफकिन यहुदी होते, आणि १९१६ मध्ये त्यांनी पारंपरिक यहुदी आचारधर्माच्या बाजूने एक निबंध लिहिला, ही गोष्ट परळमध्ये सुद्धा थोड्यांना माहीत असेल. आयुष्यभर जंतूंशी झुंजलेल्या माणसाला रोजच्या नेमाचे मोल का वाटले असेल, याचा विचार प्रार्थनेला बुद्धीचा शत्रू मानणाऱ्यांनी करावा. प्लेगच्या मुंबईत क्रूस आणि लस एकाच दशकात उभे राहिले. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. लसीने जीव वाचवले, आणि ज्यांचे वाचले नाहीत त्यांच्या घरच्यांना रोज संध्याकाळी उभे राहायला एक जागा लागत होती.

दुसरा एक आक्षेप मराठी मनाचा आहे: हे आपले नव्हे, बाहेरचे आहे. याचे उत्तर गिरगावातच मिळते. खोताच्या वाडीपासून पायी थोड्याच अंतरावर ‘प्रार्थना समाज’ नावाचा नाका आहे. १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव त्या भागाला पडले. पुढे रानडे आणि भांडारकर तिचे आधारस्तंभ झाले. सामुदायिक प्रार्थनेला धर्माच्या केंद्रस्थानी आणताना त्यांच्या डोळ्यांपुढे तुकारामही होते आणि चर्चही. त्याच गिरगावच्या चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेले आणि १८९३ मध्ये तिथे वाद पेटला. रमाबाई आपल्या मुलीबरोबर आपल्या खोलीत रोज प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली.

तो वाद आज वाचताना दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असे मला वाटते. पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलींवर धर्मांतराचा दबाव येऊ नये, ही काळजी खोटी नव्हती. आजही ती खोटी नाही. संकटातल्या माणसाला मदत देताना प्रार्थनेची अट घालणे हे पाप आहे, आणि ते कुठल्याही पंथाने केले तरी पापच. पण रमाबाईंची बाजूही तितकीच खरी होती: मी माझ्या खोलीत, माझ्या देवाशी, माझ्या भाषेत बोलते, ते दार मी का लावून घेऊ? रमाबाईंची श्रद्धा आंधळी होती असे तर कुणीच म्हणू शकणार नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या धर्मगुरूंशी आणि धर्मभगिनींशी सिद्धान्तांवर कडकडून वाद घालत होत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त नंतर, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली. इतका वाद घालून झाल्यावर त्या ज्या साधेपणापाशी आल्या, तो अज्ञानाचा साधेपणा नव्हता. आणि त्या साधेपणाने त्यांना निजवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि स्त्रियांना केडगावला आणले आणि मुक्ती सदन उभे केले.

नारायण वामन टिळकांनी तर हा परकेपणाचा प्रश्नच पालटून टाकला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांच्या वाटेने, असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे फरफटत गेल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने पाऊल टाकले, आणि त्या पाच वर्षांचे दुःख व हट्ट ‘स्मृतिचित्रे’त जसेच्या तसे ठेवले. मराठी चर्चमध्ये टिळकांनी ओवी, अभंग आणि भजन आणले, पेटीच्या जोडीला टाळ-मृदंग आणला. आजही दर रविवारी त्यांची गीते गायली जातात, आणि गाणाऱ्याला ती बाहेरून आलेली वाटत नाहीत. दिलासा मातृभाषेतच मिळतो. भीतीच्या क्षणी माणसाच्या तोंडी पाठ केलेली परभाषा येत नाही.

मग कुणी विचारेल, वारकरी हरिपाठ म्हणतो, त्यालाही हेच मिळते, तर ख्रिस्ती प्रार्थनेचे वेगळे काय? पुष्कळसे सारखे आहे, आणि ते मान्य करण्यात ख्रिस्ती माणसाचे काही जात नाही. वेगळे आहे ते प्रार्थना ज्याच्यासमोर होते त्याच्यात. ख्रिस्ती माणूस हात जोडतो तो हरलेल्या, थुंकी झेललेल्या, मित्रांनी सोडून दिलेल्या, खिळे ठोकलेल्या देवासमोर. ज्याने स्वतः वेदना सोसली त्याला वेदना समजावून सांगावी लागत नाही. क्रूसावरच्या येशूने मरताना देवाने आपल्याला का टाकले असे विचारले, आणि ते शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे हा सर्वांत मोठा गट आहे. तक्रार, संताप, ‘किती दिवस’ असा वैतागलेला सवाल, हे सगळे तिथे प्रार्थना म्हणूनच उभे आहे. म्हणून नैराश्यात बुडालेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणारे पाळक आणि नातेवाईक आपल्याच धर्मग्रंथाशी बेइमानी करतात. अशा माणसाला डॉक्टरकडे घेऊन जावे, त्याची गोळी चुकू देऊ नये, आणि त्याला रडत प्रार्थना करायची असेल तर तशी करू द्यावी.

आणि ज्याला प्रार्थना करूनही काहीच वाटत नाही, त्याचे काय? सगळ्या आक्षेपांत मला हाच सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो बाहेरच्यांचा नाही. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. आयुष्याची कितीतरी दशके त्यांना आत अंधार आणि कोरडेपणाच जाणवत होता. काहींनी ते ढोंगाचा पुरावा म्हणून वाचले. मला त्यात उलट दिसते. रोजची प्रार्थना त्यांनी सोडली नाही आणि रोजचे कामही सोडले नाही. दिलासा म्हणजे मनाला आलेली गोड भरती असे मानले, तर त्यांना तो मिळाला नाही. पण सकाळी उठून पुन्हा त्याच माणसांच्या जखमा धुण्याइतके बळ रोज मिळणे, यालाही दिलासा म्हणायला हवे. ठरलेले शब्द याच कामाचे असतात. भावना आटते तेव्हा ते माणसाला पुढच्या दिवसापर्यंत नेतात. २०२० मध्ये मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे बंद होती. माहीमचा बुधवार थांबला, दादरच्या पोर्तुगीज चर्चची दारे लागली. घरातली संध्याकाळची प्रार्थना मात्र कुठल्याही आदेशाने बंद होणारी नव्हती. ज्या घरांना तिची सवय होती त्यांना त्या आठ महिन्यांत ती नव्याने शिकावी लागली नाही.

हे सगळे खरे असेल तर मुंबईच्या ख्रिस्ती समाजाने आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी काळजी करावी ती चमत्कारांची नाही, अंतराची. गिरगावात आणि लालबाग-परळमध्ये वाड्या आणि चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. खोताच्या वाडीत एकेकाळी साठ-पासष्ट जुनी घरे होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. कुटुंबे वसई, मीरा रोड, कल्याणला पांगतात, आणि रोजची गोष्ट वर्षाच्या सणापुरती उरते. लहान, रोजची, चार पावलांवरची प्रार्थना ही सवय आहे, आणि चार पावलांवरची जागा गेली की सवयही जाते. म्हणून चर्चने परळच्या रुग्णालयांजवळ रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांची मराठी प्रार्थना ठेवावी, जिथे कुणाचा धर्म, पत्ता, फोन नंबर विचारला जाणार नाही आणि देणगीची पेटी फिरणार नाही. आणि पुनर्विकासाच्या करारावर सही करताना रहिवाशांनी क्रूसासाठी जमिनीलगत, रस्त्यावरून पोचता येईल अशी जागा लिहून घ्यावी. विकासक तो उचलून पाचव्या मजल्याच्या पोडियमवर, सुरक्षारक्षकाच्या पलीकडे ठेवायला तयार होईल. तिथे तो फक्त सोसायटीच्या सभासदांचा होतो. गल्लीत राहिला तर केईएमहून परतणाऱ्या, कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या माणसालाही त्याच्यासमोर दोन मिनिटे थांबता येते. करारनाम्यात एका कलमाची भर घालणे बिल्डरला फार महाग पडत नाही, पण ते सहीच्या आधी मागावे लागते.